शनिवारची डिस्क

कुपवाड,
२१ जानेवारी २०२५

तौसीफ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. कामाचं आहे. माझा नंबर तू ब्लॉक केलायस, आणि ईमेल करावा तर आपला ईमेलही त्याच सर्व्हरवर होता. तो सर्व्हर रविवारी मेला. म्हणून दोन वर्षांनी तुला पत्र लिहितोय, तेही साताऱ्याच्या घरच्या पत्त्यावर, तुझ्या आईच्या, झुबेदाचाचींच्या भरवशावर.

थोडक्यात सांगतो. शुक्रवारी सर्व्हरमधली एक डिस्क गेली. होस्टिंग कंपनीच्या लोकांनी ती बदलली आणि नवीवर दुसरीतला माल भरता भरता ती दुसरीही गेली. आपल्या गिऱ्हाइकांच्या सदतीसच्या सदतीस वेबसाइट बंद. शाळा, बेदाणेवाले, हळदवाले, ते वधूवर मंडळ, मिरजेचे दोन डॉक्टर, कोयनानगरचे लालासाहेबकाका, सगळे. कंपनीनं काल कळवलं की त्यांच्याकडून काही परत मिळणार नाही, ग्राहकानं आपला बॅकअप चढवून घ्यावा.

आता तू विचारशील, बॅकअप कुठंय? होता. त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. हसू नकोस. एकोणीसच्या पुरात मारुती चौकातल्या दुकानात छातीएवढं पाणी बघितलेला माणूस मी. तेव्हापासून मला जगात एकच धोका दिसतो. हा सर्व्हर घेताना कंपनीच्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारला, "मशीन कितव्या मजल्यावर आहे?" तो बिचारा गोंधळला. मग कुणाला तरी विचारून म्हणाला, चौथ्या. माझं समाधान झालं. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, म्हणजे साइटही सुखरूप आणि बॅकअपही सुखरूप. डिस्क कोरडी राहूनही मरते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू असताना दर शनिवारी सगळ्या साइटची कॉपी डिस्कवर घेऊन घरी जायचास. टॉवेलात गुंडाळून, एसटीनं. आईला भेटायला निघालास की डिस्कला फिरवायला, म्हणून मी चिडवायचो. तू गेल्यावर ते बंद पडलं. त्या जुन्या डिस्क तुझ्याकडं असतील. फेब्रुवारी तेवीसपर्यंतचं तरी त्यावर मिळेल. एसटी पार्सलनं पाठव. जुनं उगाळायला हे पत्र लिहीत नाही. लोक दुकानात येऊन बसतायत, तेवढं लवकर बघ.

वीरधवल


कुपवाड,
२५ जानेवारी २०२५

तौसीफ,

पत्र गुरुवारी पोचलं. पोस्टाच्या साइटवर चाचींची सही दिसते. तुझं उत्तर नाही, पार्सल नाही. दिवसातून दोनदा मी सांगली स्टँडच्या पार्सल ऑफिसात जाऊन येतो. तिथला माणूस आता मला लांबून बघूनच नाही म्हणून हात हलवतो.

इकडं मी आणि अंकिता मिळेल तिथून मिळेल ते गोळा करतोय. अंकिता तिचं बँकेतलं काम सांभाळून दुकानात बसते, नवऱ्याचा तमाशा बघायला. हळदवाल्यांचे फोटो त्यांच्याच व्हॉट्सअॅपवरून मागून घेतले. जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर शाळेचं पान मिळालं, पण ते एकवीस सालचं. त्यावर आधीचे मुख्याध्यापक हार घालून हसतायत. आत्ताचे मुख्याध्यापक सकाळपासून चार वेळा येऊन गेले. वधूवर मंडळाची वीस सालची यादी जुन्या लॅपटॉपवर सापडली, ती आनंदानं चढवली. तासाभरात विट्याहून एका बापाचा फोन. "आवं, माज्या लेकीला दोन पोरं हायती, आन् तुमी तिला परत स्थळ म्हणून लावलंय! जावई हितं बसल्यात माज्या म्होरं!" मी माफी मागून फोन ठेवला. अंकिता पोट धरून हसली. मलाही हसू आलं, पण फार टिकलं नाही.

कारण लगेच लालासाहेबकाकांचा फोन आला. रोज येतो. अकराला.

त्यांची साइट तूच बनवलीस, मी काय सांगायचं? पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. अकरा वर्षं कोयनानगरला जमीन जितक्या वेळा हलली, तितक्या वेळा त्या माणसानं मोबाइल चालू करून आपल्या आवाजात नोंद केली, आणि साइटवर चढली की जागा व्हावी म्हणून मोबाइलातली पुसली. धक्का किती मोठा, ते त्यांच्या मापात. भांडी वाजली. दिवा हलला. कपाटाचं दार उघडलं. आणि शेवटी स्वयंपाकघराकडं तोंड करून, "काय पडलं गं?" मग आतून चंद्राबाईकाकू, "ताट पडलं," नाहीतर, "काय न्हाई, मांजार पळालं." परदेशात गेलेली कोयनेची पोरं ती साइट ऐकायची, ती काकूंसाठी. काकू तेवीसच्या जानेवारीत गेल्या, तरी काका नोंदी करत राहिले.

रोज एकच विचारतात. "वीरधवल, माजं वाजतंय का रं?" मी सांगतो, काम चालू आहे काका. बाकी त्यांच्या साइटवर तेव्हा जे झालं, त्यात आपलं दोघांचंही थोडंथोडं चुकलं असं मी धरून चाललोय. तूही तसंच धर आणि डिस्क पाठव. अंकिता म्हणते पत्र वाचून दाखव. मी दाखवलं नाही.

वीरधवल


कुपवाड,
३० जानेवारी २०२५

तौसीफ,

काल चाचींना फोन केला. आधी यथेच्छ झापलं. "दोन वर्सं झाली, ईदला तरी यायचं हुतंस. आता तुजं मशीन बंद पडलं तवा चाची आठवली व्हय रं?" मी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यानं दोनीबी पत्रं वाचली. घडी घालून कपाटात ठिवली. मी इचारलं काय लिव्हलंय, तर म्हणला, सगळं लिव्हलंय, तेवढं एक सोडून."

फोन ठेवल्यावर मला तुझा भयंकर राग आला. इथं सदतीस लोक माझ्या बोकांडी बसलेत आणि हा साताऱ्यात बसून माझ्या पत्रांची तपासणी करतोय! त्या रागात तुला दोन पानं लिहिली आणि फाडली. दुकानाला चार चकरा मारल्या. आता लिहितो.

मंगळवार, २१ फेब्रुवारी २०२३. तू मिरजेला डॉक्टरांकडं गेला होतास. काकांच्या साइटवर आवाज अडकत होता, तो मी दुरुस्त करायला घेतला. खांद्यावर फोन, फोनवर बेदाणेवाले. दुरुस्ती फसली आणि साइट उघडेना. म्हणून सर्व्हरवर हाताला लागली ती जुनी कॉपी वरून चढवली. तारीख बघितली नाही. ती सप्टेंबरची होती. तिच्याखाली पाच महिने गेले. काकूंचे शेवटचे पाच महिने.

गुरुवारी काका तीन एसट्या बदलून दुकानात आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "माजी चंद्रा त्यात हुती रं," एवढंच म्हणाले. आणि मी म्हणालो, "काका, बॅकअपचं सगळं तौसीफ बघतो." यात खोटं एक अक्षर नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलोय. काका तुझ्याकडं वळले. "तू तर माज्या घरात जेवलेला मानूस. निदान तू तरी जपायचं हुतंस." तू त्यांच्याकडं बघितलंच नाहीस. माझ्याकडं बघत होतास. मी मॉनिटरकडं बघत होतो. तू थांबलास, चांगला मिनिटभर. मग हेल्मेट उचललंस.

मी पुसलं, तौसीफ. तू नाही. मला ते तिथंच बोलता आलं असतं आणि मी बोललो नाही.

डिस्क पाठव असं या पत्रात लिहीत नाही.

वीरधवल


कुपवाड,
४ फेब्रुवारी २०२५

तौसीफ,

रविवारी पार्सल आलं. पार्सलवाल्यानं या खेपेला स्वतः फोन करून बोलावलं. पाच डिस्क, प्रत्येकीवर तुझ्या अक्षरात तारीख. चिठ्ठी शोधली, खोकं उलटं करून झटकलं. नव्हती. ठीक आहे.

आज दुपारपर्यंत एकतीस साइट उभ्या राहिल्या. तेवीसच्या फेब्रुवारीपर्यंतच्या, पण उभ्या आहेत. या वेळी सर्व्हर वेगळा, बॅकअप वेगळ्या गावात, आणि मजला मी विचारलाच नाही. मुख्याध्यापकांना त्यांचा स्वतःचा फोटो मिळाला, ते पेढे देऊन गेले.

"शनिवार १८ फेब्रुवारी" ही डिस्क मी शेवटी लावली. त्यावर काय आहे ते मला माहीत होतं, म्हणूनच शेवटी. काकांचं फोल्डर उघडलं. पाचही महिने आहेत. एक नोंद लावली. काका म्हणतात, "दोन वाजून धा मिंटं. भांडी वाजली. काय पडलं गं?" आणि काकू खोकून म्हणतात, "मीच पडलीया हितं खाटंवर, अजून काय पडायचं?" आणि दोघं हसतात. मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो.

मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं वाटलं होतं. नव्हतं लिहिलं. मंगळवारी मी पुसलं आणि त्याआधीच्या शनिवारची डिस्क तुझ्या घरी होती. म्हणजे काहीच हरवलं नव्हतं. हे मला त्याच मंगळवारी ठाऊक होतं. तुला एक फोन करून ती मागितली असती तर बुधवारी काकांना सगळं परत मिळालं असतं. पण मागितली असती तर कुणी पुसलं हा विषय निघाला असता. म्हणून मी मागितली नाही, आणि काकांना सांगितलं की ते कायमचं गेलं. म्हाताऱ्या माणसाला दोन वर्षं बायकोच्या शेवटच्या आवाजाविना ठेवलं, फक्त माझं तोंड लपवायला. हे मी अंकितालाही आज सांगितलं.

पण तुझंही मला कळत नाही, गड्या! तुझ्या घरात तो पुरावा होता. टेबलावर आपटायचास, माझं थोबाड फोडायचंस. गप्प काय बसलास? मला तुझा अजून राग येतो, आणि तो राग कुठं ठेवायचा तेही कळत नाही.

रविवारी ही डिस्क घेऊन कोयनानगरला जातोय. सापडली म्हणून सांगेन. पुढचं तोंडातून निघेल का, माहीत नाही.

वीरधवल


पाटण स्टँड,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

तौसीफ,

कराडची गाडी सुटून गेली, पुढचीला तास आहे. बाकावर बसून लिहितोय. अक्षर समजून घे.

साडेदहाला काकांच्या घरी पोचलो. चहा झाला, पोहे झाले. काकांनी नातवाच्या फौजेतल्या भरतीचं सांगितलं, आमच्या उसाला तोड आली का विचारलं. मी डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "काका, काकूंचं सापडलं." मला वाटलं, ते रडतील. ते म्हणाले, "बरं झालं. ठिव तितं." आणि पोह्यांची बशी उचलून आत गेले. मी तसाच बसलो. बोलायचं म्हणून तोंड उघडायचो आणि घाटात गाडी लागते का असलं काहीतरी विचारायचो. असा दीड तास गेला.

मग खालून कुणीतरी ट्रक लोटावा तसा आवाज आला आणि भांडी वाजायला लागली. मी सांगलीचा माणूस. पाणी कसं येतं ते मला माहितेय, ते पायरी पायरीनं येतं, सामान माळ्यावर चढवायला वेळ देतं. जमीन पायाखाली सरकताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. उठून दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. काका मात्र खुर्चीतून हलले नाहीत. मोबाइल चालू केला आणि शांतपणे बोलायला लागले. "बारा वाजून धा मिंटं. भांडी वाजली. दिवा हालला." आणि सवयीनं मान आत वळवून, "काय पडलं गं?"

आत कुणी नव्हतं. भांडी वाजायची थांबली. मला त्यांचं ते विचारणं ऐकवेना. मी चौकटीला धरून ओरडलो, "काका, काही पडलं नाही! काका, काकूंचे पाच महिने मी पुसले. तौसीफनं नाही. तो मिरजेला होता. मला माहीत होतं ते त्याच्याकडं आहे, मी मागितलं नाही."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मोबाइल तोंडाजवळच होता. "सात सेकंद," म्हणाले, आणि बंद केला.

मग म्हणाले, "बस. पानी पी. म्हाईत हाय मला."

तौसीफ, तू हे मला का नाही सांगितलंस? गुरुवारी दुकानातून निघालास आणि रविवारी उंब्रजला गाडी बदलून डिस्क घेऊन त्यांच्या दारात उभा होतास! तीन दिवसांत! काका सांगत होते. "त्यानं चंद्राचा आवाज माज्या मोबाइलात भरून दिला. मी म्हणलं, बाबा, मग पुसलं कुनी? त्यो बोलला न्हाई. बोलला न्हाई तवाच मला कळलं. त्याला दुकानात तसं बोललो त्ये मला लय लागलंय. साताऱ्याला त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर माफी मागून आलो."

मी विचारलं, मग मला का नाही विचारलंत, आणि रोज फोन कशाला करत होतात? "त्यो म्हणला, त्याला आपनहून सांगू दे. म्हणून इचारलं न्हाई. मशीन बंद पडल्यालं निमित्त झालं. म्हणलं, आता तरी बोलंल. साइट काय, त्यो नवी करून दील मला. मी तुज्या तोंडाची वाट बघत हुतो."

मग मी त्यांना सांगितलं की मधली दोन वर्षं मात्र खरंच गेली, ती कुणाच्याच डिस्कवर नाहीत. एकोणसाठ नोंदी. ते म्हणाले, "त्या दोन वर्सांत दर खेपंला इचारत हुतो, काय पडलं गं. सवय हाय. आन् आतनं कोन बोलायचं न्हाई. त्या नोंदी गेल्या तर जाऊ दे. मला त्या कवाबी ऐकवल्या न्हाईत."

निघताना त्यांनी पाठीवर हात ठेवला. मी त्या हाताला लायक नव्हतो. कराडची गाडी लागली, थांबतो.

वीरधवल


कुपवाड,
११ फेब्रुवारी २०२५

तौसीफ,

काल काकांनी रविवारची नोंद पाठवली. विचारलं, "तुजं बोलनं कापू का रं?" मी म्हणालो, राहू द्या. नोंद साइटवर चढवली आहे. जगात कुणालाही ऐकता येते. "काय पडलं गं" नंतर माझा आवाज आहे, घाबरलेला, चिरका, आणि तुझं नाव त्यात स्वच्छ ऐकू येतं. सदतीस जणांना मी पत्र लिहून कळवलं की दोन वर्षांचं काम माझ्या चुकीनं गेलं, आणि जे परत मिळालं ते तुझ्यामुळं. चौघं सोडून गेले. बरेच जण तुझा नंबर मागतायत. मी दिला नाही, तो तुझा तू दे.

आता शेवटचं. नव्या सर्व्हरचा मुख्य पासवर्ड सोळा अक्षरांचा आहे. पहिली आठ या कागदाच्या मागं लिहिलीयत. उरलेली आठ मी सकाळी चाचींना फोनवर सांगितली. त्यांनी ती कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून घेतली आणि मला दोनदा वाचून दाखवली. एक अक्षर चुकलं होतं, ते मी दुरुस्त करून दिलं. तू दोन्ही जोडून आत जा आणि पासवर्ड लगेच बदल. माझं नाव मी काढून टाकलंय. साइट चालू आहेत, पण त्यांतल्या कुठल्याच साइटला मी हात लावू शकत नाही.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. त्या गुरुवारी तू हेल्मेट घेऊन निघालास, तेव्हा तू जिन्यात असतानाच मी तुझं नाव सर्व्हरवरून काढलं. तू खालच्या पायरीवर पोचायच्या आत. तुझ्या चपलांचा आवाज मला वर ऐकू येत होता आणि मी टाइप करत होतो.

आता आत तू आहेस आणि बाहेर मी. मला आत घ्यायचं की नाही ते तुझ्यावर. नाही घेतलंस तरी माझी तक्रार नाही. पण मला तुझ्याशिवाय करमत नाही, तौसीफ. दोन वर्षं झाली, एक दिवस करमलं नाही.

वीरधवल